दोघांना अंगावर घेणारा

एकशे चाळीस किलोचा माणूस नजरेतून सुटतो कसा, हे बघायचं असेल तर अमेरिकन फुटबॉलचा एक सामना बघावा. सत्तर हजार माणसं मैदानात, काही कोटी टीव्हीसमोर, आणि झाडून सगळ्यांचे डोळे चेंडूवर. क्वार्टरबॅक चेंडू घेतो, चार पावलं मागे सरतो, इकडेतिकडे बघतो आणि लांब फेकतो. तिकडे टोकाला एक चपळ पोरगा उडी मारून तो झेलतो, स्टेडियम उभं राहतं. एवढा सगळा वेळ आपला डिफेन्सिव्ह लाइनमन मैदानाच्या मधोमध आपल्याच वजनाच्या दोन माणसांखाली पडलेला असतो. गलका कानावर आला की तो ओळखतो, काहीतरी घडलं. मग उठतो, हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवत उपसून काढतो आणि पुन्हा जागेवर जाऊन वाकतो. रिप्लेतही तो नसतो. फार तर त्याचा एक पाय असतो.

काम सांगायला सोपं. समोरच्यांना चेंडू घेऊन पुढे यायचं असतं, याने आडवं यायचं. पण या आडवं येण्यातही पोटजाती आहेत. कडेला उभे राहतात ते एंड. ते त्यातल्या त्यात सडसडीत, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोचे. क्वार्टरबॅकला गाठून लोळवण्याचा मान त्यांचा, त्यामुळे पैसा आणि टाळ्याही त्यांच्याच. आतल्या बाजूचे ते टॅकल. आणि चेंडूच्या अगदी समोर जो बसतो तो नोज टॅकल. खऱ्या अर्थाने नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्या आणि समोरच्या सेंटरच्या तोंडात जेमतेम एका चेंडूच्या लांबीचं, म्हणजे अकरा इंचांचं अंतर. रविवारमागून रविवार तो त्या अकरा इंचांपलीकडचं घामेजलेलं तोंड बघतो. एकाने तो हलत नाही म्हणून त्याच्या अंगावर दोघे सोडतात. त्याने त्या दोघांना धरून ठेवलं की मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो, धावत येऊन चेंडूवाल्याला पाडतो, छाती बडवतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात झळकतो. दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थरातल्या गोविंदाचा फोटो कोणी छापलेला पाहिलाय?

या माणसाचं करिअर शाळेतच ठरतं, आणि त्याला कोणी विचारत नाही. सहावीत असताना दारातून तिरका आत येणारा मुलगा बघितला की अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेच्या फुटबॉल कोचचा चेहरा उजळतो. त्या मुलाला सनई वाजवायची असेल, गणितं सोडवायची असतील; संध्याकाळी तो मैदानावर असतो. शिकागो बेअर्सचा विल्यम पेरी, ज्याला सगळी अमेरिका ‘द रेफ्रिजरेटर’ म्हणून ओळखते, त्याने या बालपणाचं वर्णन एका वाक्यात उरकलंय : मी लहान होतो तेव्हासुद्धा मोठाच होतो.

शाळेतून कॉलेज, आणि कॉलेजातून इंडियानापोलिस. तिथे दर वर्षी ‘कंबाइन’ भरतं. व्यावसायिक लीगमधल्या बत्तीस संघांचे जाणकार वह्या-पेन्सिली घेऊन बसतात आणि होतकरू मुलांना नुसत्या चड्डीवर उभं करून त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजली जाते. मग बाकावर उताणं पडून १०२ किलोची कांब उचलायची, जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. २०११ साली स्टीफन पेआ नावाच्या टॅकलने ती ४९ वेळा उचलली. त्यानंतर चाळीस यार्डांची धाव. २०२२ मध्ये जॉर्डन डेव्हिस हा १५५ किलोंचा मुलगा ते अंतर ४.७८ सेकंदांत धावला आणि जाणकारांच्या पेन्सिली थांबल्या. आता यातली गंमत अशी, की पुढच्या उभ्या आयुष्यात या मुलाला सरळ चाळीस यार्ड धावायची वेळ जवळजवळ येतच नाही. त्याचं सगळं आयुष्य तीन यार्डांत जायचं असतं. पण मोजायचं तर काहीतरी मोजायला हवं. ज्याला खरोखर मोकळं रान मिळालं त्याचं काय झालं, ते पुढे येईलच.

वजन हा त्याचा भांडवली हिशेब आहे आणि तोच त्याच्या पाचवीला पुजलेला तंटाही. कमी झालं तर ढकलला जातो, जास्त झालं तर दमतो, आणि नेमकं किती हवं यावर कोच, डॉक्टर आणि तो स्वतः यांचं कधी एकमत होत नाही. या बाबतीतला आद्यपुरुष म्हणजे बाल्टिमोर कोल्ट्सचा आर्ट डोनोव्हन. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, जन्म १९२४ चा, वडील बॉक्सिंगमधले नावाजलेले पंच. दुसऱ्या महायुद्धात मरीनमध्ये असताना त्याने स्पॅमची, म्हणजे डबाबंद मांसाची, अख्खी पेटी लांबवली. पकडला गेला, तेव्हा ती पेटी त्यालाच संपवायची शिक्षा झाली. ही हकिकत तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना शिक्षा झाल्याचं दुःख आवाजात कुठेही नसायचं. कोल्ट्सने करारात कलमच घातलं होतं : काट्यावर २७० पौंडांच्या, आपल्या हिशेबाने १२२ किलोंच्या आत भरलं पाहिजे. काट्याचा दिवस जवळ आला की उपास, काटा उरकला की पारणं. व्यायामाबद्दल त्याचं म्हणणं असं, की आपण अख्ख्या कारकिर्दीत एकही जोर मारला नाही आणि उचललेलं एकमेव वजन म्हणजे बिअर. हा माणूस १९५८ च्या त्या गाजलेल्या अंतिम सामन्यात होता, न्यूयॉर्क जायंट्सना जादा वेळात २३-१७ ने हरवणाऱ्या संघात. १९६८ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण लोकांनी त्याला ओळखलं ते नंतर, टीव्हीवर डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात बसून खाण्यापिण्याचे किस्से सांगायला लागल्यावर. आत्मचरित्राचं नाव त्याने ‘फॅट्सो’ ठेवलं.

एकदा आपल्या लाइनमनचं काम जवळून बघू. तीन बोटं गवतात रोवलेली, पाठ टेबलासारखी सपाट, नजर चेंडूवर. समोरच्याचीही बोटं गवतात आहेत. ती दाबून पांढरी पडली असतील तर तो पुढे मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू धावत येणार. बोटं नुसती टेकली असतील तर तो मागे सरणार, म्हणजे चेंडू हवेतून जाणार. हे सगळं वाचायला याला एक श्वास मिळतो. तेवढ्यात क्वार्टरबॅक ओरडायला लागतो. त्या ओरडण्यात मुद्दाम हिसके असतात, ऐकून याने उतावीळपणे उडी मारावी म्हणून. नव्व्याण्णव वेळा तो मारत नाही. शंभराव्या वेळी चेंडू हलण्याआधी तो अलीकडची सीमा ओलांडतो, पिवळा रुमाल पडतो, पंच कमरेचा माइक चालू करतात आणि सत्तर हजार लोकांना सांगतात : ऑफसाइड, बचाव संघ, नंबर अठ्ठ्याण्णव, पाच यार्डांचा दंड. दिवसभरात त्याचा जाहीर उल्लेख झाला तो हा.

आणि समजा, सगळं जमून आलं. दोघांना झुगारलं, तिसऱ्याला चुकवलं, क्वार्टरबॅक हाताशी आला. इथे नवीनच पेच आहे. २०१८ पासून पंच एका गोष्टीवर फार कडक झालेत : क्वार्टरबॅकला पाडताना आपलं सगळं वजन त्याच्या अंगावर टाकायचं नाही. आता एकशे चाळीस किलोचा देह वेगाने पुढे निघाला आहे, हातात दुसरा माणूस आहे, दोघेही पडताहेत; आणि या माणसाने हवेत असतानाच वळून आपलं वजन बाजूला ठेवायचं. कुठे ठेवायचं, हे नियमात लिहिलेलं नाही. लहानपणापासून ज्या वजनासाठी त्याला खाऊ घातलं ते नेमक्या क्षणी वापरायला बंदी! नियम क्वार्टरबॅकच्या हाडांसाठी आहे आणि रास्तच आहे. तरी मला दर वेळी बाजूला कोलांटी खाणाऱ्या त्या गृहस्थाचीच कीव येते.

त्यांच्या कष्टाची नोंद ठेवण्यातही आनंद. क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवण्याला ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द रूढ केला लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने. मूळचा डेव्हिड जोन्स. टेलिफोनच्या पुस्तकात डेव्हिड जोन्स ढिगाने आहेत, तेव्हा लक्षात राहील असं काही हवं म्हणून स्वतःच डीकन झाला. १९६१ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत चौदाव्या फेरीपर्यंत त्याला कोणी विचारलं नव्हतं. समोरच्याच्या हेल्मेटवर कानशिलापाशी सणसणीत चपराक द्यायची आणि तो डोळे मिटतो तेवढ्यात बाजूने निसटायचं, ही त्याची खासियत. एवढ्या जणांची कानशिलं वाजली की १९७७ मध्ये चपराकीवरच बंदी आली. सॅकची अधिकृत मोजणी मात्र सुरू झाली १९८२ साली, तो निवृत्त होऊन आठ वर्षं उलटल्यावर. म्हणजे शब्द त्याचा, पराक्रम त्याचा, आणि सरकारी वहीत त्याच्या नावापुढे कोरी जागा.

आता ते मोकळं रान. २५ ऑक्टोबर १९६४, सॅन फ्रान्सिस्कोचं केझार स्टेडियम, मिनेसोटा व्हायकिंग्ज विरुद्ध फोर्टी-नायनर्स. प्रतिपक्षाच्या हातून चेंडू निसटला आणि व्हायकिंग्जच्या जिम मार्शलने तो उचलला. जन्मात एकदा घडावं तसं घडलं होतं : हातात चेंडू आणि समोर चिटपाखरू नाही. मार्शल सुटला. बाजूच्या रेषेवरून त्याचेच सहकारी हात नाचवत, ओरडत पळत होते. त्याला वाटलं, कौतुक चाललंय. कोणीच आपल्याला अडवत कसं नाही, असा प्रश्न ज्याचा धंदाच अडवण्याचा त्याला तरी पडायला हवा होता. नाही पडला. ६६ यार्ड धावून त्याने टोक गाठलं, आनंदाने चेंडू भिरकावून दिला, आणि फोर्टी-नायनर्सचा एक खेळाडू येऊन त्याची पाठ थोपटून गेला. टोक व्हायकिंग्जचं होतं. दोन गुण फोर्टी-नायनर्सना.

त्या दिवसाची दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्याच सामन्यात मार्शलने प्रतिपक्षाच्या हातून चेंडू उडवला, कार्ल एलरने तो समोरच्यांच्या टोकाला नेऊन टचडाउन केलं आणि व्हायकिंग्ज २७-२२ ने जिंकले. परतीच्या विमानात मित्रांनी त्याला म्हणे आग्रह केला, आज विमान तू चालव, म्हणजे मिनेसोटाऐवजी हवाईला उतरू. मार्शल १९६० ते १९७९ असे वीस मोसम खेळला, सलग २८२ सामने, एकही न चुकवता, वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षापर्यंत. ज्या कामात दर आठवड्याला दोन-दोन माणसं अंगावर पडतात त्या कामात ही हजेरी! आणि आज अमेरिकेत त्याचं नाव काढा, पहिला प्रश्न येतो : उलटा धावला तोच ना?

या लोकांचं नशीबच असं दिसतं. स्वतःचं काम इमानेइतबारे केलं तर कोणी ढुंकून बघत नाही. भलतंच काही केलं की डोक्यावर घेतात.

रेफ्रिजरेटर पेरीचंच बघा. साउथ कॅरोलिनातलं आयकेन हे त्याचं गाव, बारा भावंडांतला तो दहावा. १९८५ साली बेअर्सनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं, तेव्हा बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांनी ही निवड फुकट गेली असं जाहीरच करून टाकलं. मुख्य प्रशिक्षक माइक डिटका यांच्या डोक्यात मात्र एक जुना सल होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फोर्टी-नायनर्सनी बेअर्सना हरवताना आपला एक भरभक्कम गार्ड चेंडूवाल्याच्या पुढे लावून खिजवलं होतं. डिटकांनी परतफेड म्हणून पेरीच्याच हातात चेंडू दिला. २१ ऑक्टोबरला, सोमवारच्या रात्री, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध पेरीने आधी चेंडू घेऊन धावणाऱ्या वॉल्टर पेटनसाठी वाट मोकळी केली. मोकळी केली म्हणजे वाटेत जो लाइनबॅकर होता तो वाटेत राहिला नाही. मग स्वतः चेंडू घेऊन एक यार्ड पुढे पडला. टचडाउन! एक यार्ड. तीन फूट. त्या तीन फुटांनी तो देशभर ठाऊक झाला. जाहिराती आल्या, खेळण्यातला बाहुला आला, बेअर्सच्या खेळाडूंनी गायलेल्या गाण्यात त्याचं कडवं आलं, कुस्तीच्या आखाड्याचंही आमंत्रण आलं.

२६ जानेवारी १९८६ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, बेअर्सनी न्यू इंग्लंड पेट्रिअट्सना ४६-१० असं चिरडलं. त्यातलं एक टचडाउन पेरीचं, पुन्हा एका यार्डाचं. ज्याच्या पायांवर बेअर्सचा संघ दहा वर्षं चालला त्या पेटनला त्या दिवशी एकही मिळालं नाही. याची चुटपुट डिटकांनी पुढे स्वतः बोलून दाखवली. त्याच सामन्यात आधी एकदा पेरीला चेंडू फेकायला सांगितलं होतं. फेकायला कोणी सापडेना, आणि इतरांना सॅक करण्याचा पगार घेणारा हा माणूस स्वतःच सॅक झाला. विजेत्यांच्या अंगठ्या घडवायची वेळ आली तेव्हा त्याच्या बोटाचं माप निघालं २५; तुमचंआमचं दहा-बाराच्या आसपास असतं. ती अंगठी २०१५ मध्ये एका लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेली. आणि त्याचं मूळ काम? नव्वदीच्या मध्यापर्यंत तो खेळला, साडेएकोणतीस सॅक केले. ते कोणाच्या लक्षात नाहीत. साडे कुठून आले म्हणाल, तर दोघांनी मिळून लोळवला की अर्धा-अर्धा वाटून घेतात. हा हिशेब मात्र चोख.

पिट्सबर्ग स्टीलर्सचा ‘मीन’ जो ग्रीन सत्तरच्या दशकात प्रतिपक्षाच्या स्वप्नात यायचा. चार सुपर बोल जिंकले. त्याला घराघरात नेलं ते १९७९ च्या कोका-कोलाच्या जाहिरातीने : लंगडत निघालेला दमलेला ग्रीन, त्याला आपली बाटली देऊ करणारा लहान मुलगा, एका दमात संपलेला कोला आणि मुलाकडे फेकलेली घामट जर्सी. सुपर बोलच्या रात्री न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जी मंडळी खेळ कळत नाही म्हणून फक्त जाहिराती बघायला बसतात आणि मूळ खेळ सुरू झाला की बटाटेवडे आणायला उठतात, त्यांना ऐकून ऐकून माहीत असलेला एकमेव लाइनमन हाच. रोझी ग्रिअर न्यूयॉर्क जायंट्स आणि रॅम्सकडून खेळला. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडणाऱ्याच्या हातून पिस्तूल काढून घेणाऱ्यांत तो होता. पुढे त्याने भरतकाम हाती घेतलं आणि १९७३ मध्ये पुरुषांसाठी भरतकामाचं पुस्तक काढलं. त्या पंजात सुई कशी मावत असेल असं वाटतं खरं, पण मुखपृष्ठावर तो मन लावून टाके घालताना दिसतो आणि हसायची कोणाची छाती झाली नसावी.

सगळ्यांत न्यारी तऱ्हा अ‍ॅलन पेजची. तोही व्हायकिंग्जचा, मार्शलच्या शेजारचा. १९७१ साली मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला; बचाव करणाऱ्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. खेळता खेळता त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये पदवी घेतली. त्याच सुमाराला त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड लागलं. मैलोन्‌मैल धावून तो वाळत गेला. लाइनमन आणि सडपातळ! व्हायकिंग्जनी त्याच वर्षी त्याला नारळ दिला. ज्या धंद्यात माणसं वजन उतरवायला उपास करतात तिथे हा वजन उतरवल्यामुळे घरी बसायच्या बेताला आला होता. बेअर्सनी त्याला उचललं आणि तो १९८१ पर्यंत खेळला. यापुढे त्यांना अहो-जाहो करणं भाग आहे, कारण १९९३ पासून २०१५ पर्यंत पेजसाहेब मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांचा जन्म ओहायोतल्या कँटनचा. तिथे फुटबॉलचं हॉल ऑफ फेम बांधलं जात होतं तेव्हा त्या बांधकामावर त्यांनी पोरवयात मजुरी केली होती. १९८८ साली त्याच इमारतीत त्यांचा पुतळा बसला.

बाकीच्यांच्या वाट्याला एवढं येत नाही. सतरा सामन्यांचा मोसम, पाच-सहा मोसम टिकला तर भाग्यवान. मग गुडघे बोलायला लागतात, संघ नवा पोरगा आणतो, आणि हा माणूस गावाकडे जाऊन शाळेतल्या मुलांना वाकायचं कसं ते शिकवतो. किराणा दुकानात लोक त्याला थांबवून विचारतात, तुम्ही खेळायचात ना? तो हो म्हणतो. मग पुढचा प्रश्न येतो, टचडाउन किती केलेत?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला भारतात सुपर बोल दिसतो. उठलात, तर एक विनंती आहे. दर डावाचे पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघू नका. मधोमध वाकलेल्या सगळ्यात जाड माणसाकडे बघा. त्याच्या अंगावर एक जातो की दोन, ते मोजा. दोन गेले असतील तर डाव त्याच्या संघाने निम्मा जिंकलेला असतो, मग पुढे चेंडू कुठेही जावो. समालोचक त्याचं नाव घेणार नाहीत, तेव्हा जर्सीवरचा नंबर आधीच बघून ठेवा.